शहरालगतच्या गावात घरांआधी आखायच्या गोष्टी

शहर जवळ आल्याचे गावाला पहिल्यांदा कळते ते जमिनीच्या भावावरून. रुंद रस्ता, नळाचे पाणी, ठरावीक वेळेला येणारी बस या गोष्टींना अजून कित्येक वर्षे अवकाश असतो. पण कोणीतरी शिवारात येऊन एखाद्या तुकड्याची चौकशी करून जातो आणि तेव्हापासून आसपासच्या प्रत्येक शेतकऱ्याचा आपल्या जमिनीविषयीचा हिशेब बदलू लागतो. विहीर खोल करावी का, फळझाडे लावावीत का, खचलेला बांध पुन्हा घालावा का, हे प्रश्न पुढची वीस-तीस वर्षे डोळ्यांसमोर ठेवूनच सुटतात. जमीन चार-पाच वर्षांत विकली जाईल असे वाटू लागले की असा खर्च कोणालाही परवडत नाही, आणि मग घरे उभी राहण्याच्या बऱ्याच आधी शेती मोडते.

उत्तर जर्मनीतील आपल्या जमीनदारीचे बारकाईने ठेवलेले हिशेब हाताशी असलेल्या योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन यांनी १८२६ मध्ये असे मांडले होते की बाजारपेठेच्या शहराला लागून भाजीपाला आणि दूधदुभते पिकते, त्यापलीकडे सरपणाचे जंगल, मग धान्य आणि सर्वांत दूर चराऊ जनावरे. वाहतुकीचा खर्च आणि नाशवंत माल यांचा विचार केला तर हे अगदी पटण्यासारखे आहे. मात्र १९६७ मध्ये रॉबर्ट सिंक्लेअर या भूगोलतज्ज्ञांनी दाखवून दिले की वेगाने पसरणाऱ्या शहरांभोवती हे चित्र उलटे होते: शहराला चिकटलेली जमीन विक्रीची वाट पाहत जवळजवळ पडीक राहते आणि जसजसे दूर जावे तसतशी शेती अधिक सकस होत जाते. शहरालगतच्या गावांच्या नियोजनाविषयी मी जे काही वाचले आणि पाहिले त्यात हे निरीक्षण मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण नियोजनाची खरी वेळ कोणती हे त्यावरून कळते. गावकऱ्यांचा पोटापाण्याचा विचार अजून शेतीभोवती फिरत असतो आणि शिवारातील बहुतेक तुकडे अजून मूळ मालकांकडे असतात, तेव्हाच आराखडा व्हायला हवा. निम्मे शिवार गुंतवणूकदारांच्या हाती गेल्यानंतर केलेला आराखडा झालेल्या व्यवहारांना नियमित करण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही.

तोपर्यंत काय घडते, ते कोणत्याही मोठ्या शहराची दहा-वीस वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन उपग्रहचित्रे शेजारी ठेवली तरी दिसते. वारसांच्या वाटण्यांमुळे शेतांचे तुकडे बहुधा लांब आणि अरुंद झालेले असतात. एक मालक आपला तुकडा प्लॉट पाडून विकतो, मधोमध एक बोळवजा रस्ता सोडतो आणि तो रस्ता बांधाशी जाऊन संपतो. शेजारचा मालक तीन वर्षांनी तेच करतो. पण त्याचा रस्ता पहिल्या रस्त्याला कुठेही मिळत नाही, कारण तो मिळावा असे दोघांपैकी कोणाच्याही फायद्याचे नसते. असे पन्नास तुकडे झाले की पन्नास आंधळ्या गल्ल्या तयार होतात आणि त्या साऱ्यांची तोंडे गावाच्या एकाच जुन्या रस्त्यावर उघडतात. अग्निशमन दलाचा बंब, रुग्णवाहिका, कचऱ्याची गाडी, पाण्याची नळवाहिनी यांतील प्रत्येक गोष्टीला मग प्रत्येक गल्लीत स्वतंत्रपणे शिरून परत फिरावे लागते. यात कोणी एक दोषी नसतो. प्रत्येकाने आपल्या तुकड्यापुरते शहाणपणाचेच केलेले असते, आणि रस्ते कुठेच न नेणारी वस्ती त्यातूनच उभी राहते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की गावाची वाढ अडवायची की होऊ द्यायची, या वादात आपण गरजेपेक्षा फार जास्त वेळ घालवतो. वाढ कोणत्या क्रमाने होणार, हे ठरवणे त्याहून महत्त्वाचे आहे. पहिला प्लॉट विकला जाण्यापूर्वी पाण्याची वाट, रस्त्यांच्या मुख्य रेषा आणि बांधकामाला कधीच न द्यायची जमीन, एवढ्या गोष्टी नकाशावर आणि शक्य असेल तिथे प्रत्यक्ष जमिनीवर खुणा रोवून पक्क्या झाल्या, तर बाकीचे बरेच काही मालकांच्या मर्जीवर सोडता येते. इमारतीचा रंग, छपराचा उतार, दुकान तळमजल्यावर असावे की नसावे यांसारख्या बाबींवर शेकडो पानांची नियमावली लिहिणारे आराखडे मला नेहमी खटकतात, कारण त्यांत मुख्य रस्त्याची आखणी मात्र अनेकदा ‘प्रस्तावित’ या शब्दाखाली दडलेली असते.

शहरांच्या विस्ताराचा जगभर अभ्यास केलेले श्लोमो एंजल यांनी या बाबतीत एक अगदी साधी मांडणी केली. वाढत्या शहराने भविष्यातील विस्ताराच्या साऱ्या क्षेत्रावर सुमारे ३० मीटर रुंदीच्या मुख्य रस्त्यांची चौकट आखून ठेवावी, दोन रस्त्यांत साधारण १ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर नसावे आणि त्या पट्ट्यांची जमीन आत्ताच ताब्यात घ्यावी. रस्ता प्रत्यक्ष बांधायला वीस वर्षे लागली तरी हरकत नाही. इथिओपिया आणि कोलंबियातील काही शहरांनी या दिशेने काम केले. १ किलोमीटर अंतरामागचा विचार असा की कोणत्याही घरातून फार तर दहा मिनिटे चालले की बस धावू शकेल असा रस्ता लागावा. गावाच्या पातळीवर मला या चौकटीत एक दुरुस्ती करावीशी वाटते. सरळ रेषांची जाळी उंचसखल शिवारावर टाकण्यापेक्षा जुन्या पाणंदी आणि गाडीवाटा आधी मोजाव्यात. त्या वाटा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने पडलेल्या असतात. त्या पावसाळ्यात चिखल कमी होणाऱ्या उंचवट्यावरून जातात आणि ओढा जिथे उथळ असतो तिथेच तो ओलांडतात. त्यांच्या दोन्ही बाजूंची जमीन घेऊन त्याच रुंद केल्या तर पूल आणि भराव यांचा मोठा खर्च वाचतो, आणि कोणाचे शेत मधोमध कापले जात नाही.

पाण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण शहरालगतच्या गावांचे सर्वांत मोठे आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारे नुकसान तिथे होते. मोठी नदी सर्वांच्या नजरेत असते. धोका असतो तो फक्त पावसाळ्यात वाहणाऱ्या, उन्हाळ्यात शेतासारख्याच दिसणाऱ्या लहान ओहोळांना. उन्हाळ्यात प्लॉट दाखवला जातो, भराव टाकून तो समतल होतो, कुंपण घातले जाते, आणि दोन-तीन वर्षे पाऊस बेताचा पडला तर कोणाला काही जाणवतही नाही. दरम्यान वरच्या अंगाला छपरे, फरशा आणि डांबर वाढलेले असते; पूर्वी मातीत मुरणारे पाणी आता वाहू लागते आणि तेही पूर्वीपेक्षा लवकर खाली पोहोचते. मग एका जोरदार पावसात ते पाणी आपल्या जुन्या वाटेने येते, जिथे आता घरे असतात. ओहोळांच्या रेषा आणि त्यांच्या काठचे पट्टे आराखड्यात सर्वांत आधी यायला हवेत, अगदी रस्त्यांच्याही आधी. आणि त्यासाठी नकाशाबरोबरच पावसाळ्यात शिवारात हिंडून, वयस्क शेतकऱ्यांना विचारून पाणी कुठून कुठे जाते याची नोंद करायला हवी. हे काम कोणत्याही कार्यालयात बसून होत नाही.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. गावात घरे विरळ असतात तोवर प्रत्येकाची विहीर आणि प्रत्येकाचा शोषखड्डा ही व्यवस्था चालून जाते. विहीर आणि शोषखड्डा यांत निदान ३० मीटर अंतर असावे असा एक ढोबळ दंडक अनेक ठिकाणी वापरला जातो. माती आणि खडक पाहून तो कमी-जास्त होतो. आता ३० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २८ गुंठे भरते. एका विहिरीभोवती एवढ्या जागेत एकही शोषखड्डा असता कामा नये. दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडले तर रस्ते सोडूनही तेवढ्याच जागेत दहा-बारा घरे बसतात आणि प्रत्येकाची बोअरवेल, प्रत्येकाचा खड्डा असतो. घरमालक कितीही काळजी घेणारा असला तरी त्याला ते अंतर पाळता येणारच नाही. जमिनीखाली पाणी एकच असते, आणि त्यात सांडपाण्यातून उतरणारा नायट्रेट हा क्षार वाढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम सांगितली आहे, ती मुख्यतः बाटलीतून दूध पिणाऱ्या अर्भकांच्या रक्षणासाठी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाण्याची वाफ झाल्याने त्याचे प्रमाण वाढते.

याचा नियोजनाशी थेट संबंध असा, की सांडपाणी उताराने वाहत जाते आणि ते एकत्र करून शुद्ध करायचे असेल तर वस्तीच्या खालच्या अंगाला, पण पुराच्या रेषेच्या वर, थोडी मोकळी जमीन लागते. यंत्रांनी भरलेले महागडे शुद्धीकरण केंद्र गावाला झेपणारे नसते; तळ्यांची मालिका किंवा पाणवनस्पतींची खाचरे यांसारख्या कमी विजेच्या पद्धती झेपतात, पण त्यांना जागा जास्त हवी असते. नेमकी तीच सखल जमीन कमी भावाची म्हणून सर्वांत आधी प्लॉट पाडून विकली जाते. ती एकदा गेली की सांडपाणी पंपांनी वर चढवावे लागते आणि त्या विजेचे बिल गावाच्या मानगुटीवर कायमचे बसते. आराखड्यात शाळेची आणि बाजाराची जागा राखण्याची मागणी सगळेच करतात. या जागेची मागणी कोणी करत नाही, म्हणून ती इथे आवर्जून लिहितो आहे.

शहराच्या वाढीला आवर घालण्यासाठी नकाशावर रेषा ओढण्याची परंपरा जुनी आहे. लंडनभोवतीच्या हरित पट्ट्याचा, म्हणजे बांधकामापासून मोकळ्या ठेवायच्या जमिनीचा कायदा १९३८ चा, आणि पुढे १९५५ पासून ते धोरण इंग्लंडभर पसरले. शेते आणि गावे एकमेकांत मिसळून जाण्यापासून त्या पट्ट्यांनी वाचवली, हे मान्य करायलाच हवे. पण पट्ट्यातील गावांत घरे महाग झाली आणि शहरात काम करणारी माणसे पट्टा ओलांडून पलीकडच्या गावांत राहायला गेली. दक्षिण कोरियाची राजधानी सोलभोवती १९७१ पासून असाच पट्टा आखला गेला. १९८९ नंतर बुंदांगसारखी मोठी नवी नगरे त्या पट्ट्याच्या पलीकडे वसवावी लागली. रेषेने वाढ थांबत नाही, ती उडी मारते. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनने १९४७ मध्ये निवडलेली पद्धत मला अधिक समंजस वाटते. तिथे रेल्वेमार्गांच्या कडेने वस्ती वाढू द्यायची आणि दोन मार्गांमधली शेती व झाडी शहराच्या पोटापर्यंत मोकळी ठेवायची, असे ठरले. वाढ कुठे व्हावी हे तिथे आधी सांगितले गेले, त्यामुळे कुठे होऊ नये हे सांगण्याला वजन आले.

गावाभोवती रेषा ओढून ती विसरून जाण्याचे परिणाम दिल्लीत दिसतात. १९०८ मध्ये महसुली नोंदीसाठी गावांच्या वस्तीभोवती ‘लाल डोरा’ आखला गेला. पुढे भोवतालची शेते शहरासाठी संपादित झाली, डोऱ्याच्या आतला भाग मात्र बांधकाम नियमांच्या बाहेर राहिला. कुटुंबे वाढली, भाडेकरू आले आणि बाहेर जागा नसल्याने गावे उभी वाढत गेली. चीनमधील शेन्झेनची कथा वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचते. सरकारने शेती घेतली, घरांच्या जागा गावाच्या सामूहिक संस्थांकडे राहिल्या, आणि गावकऱ्यांनी तिथे इतक्या लगटून इमारती बांधल्या की समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करता येईल, असे त्यांचे वर्णन होऊ लागले. त्या गर्दीच्या गावांनी लाखो स्थलांतरित कामगारांना परवडणारे छप्पर दिले, ही गोष्ट मी फार मोलाची मानतो. मात्र पूर्वीच थोडी जागा आणि सरळ गल्ल्या मिळाल्या असत्या, तर तेच छप्पर उजेड आणि हवा यांच्यासह मिळाले असते.

मग रस्त्यांची, ओढ्याकाठची, शाळेची जमीन आणायची कुठून? सक्तीचे संपादन केले तर ज्यांच्या शेतातून रस्ता जातो त्यांची जमीन जाते आणि ज्यांच्या शेताला रस्त्याचे तोंड मिळते ते श्रीमंत होतात. हा अन्याय इतका उघड आहे की त्याविरुद्ध होणारा विरोध मला नेहमीच समजण्यासारखा वाटतो. जमिनीची फेरमांडणी हा त्यावरचा माझ्या मते सर्वांत न्याय्य मार्ग. एका क्षेत्रातील सर्व तुकडे कागदावर एकत्र करायचे, रस्ते आणि सार्वजनिक जागा आधी काढायच्या आणि उरलेली जमीन मूळ प्रमाणात, पण नीट आकाराचे भूखंड करून, त्याच मालकांना शक्यतो मूळ जागेजवळ परत द्यायची. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, पण प्रत्येकाला रस्ता मिळतो आणि राहिलेल्या जमिनीचे मोल वाढते. फ्रँकफुर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या पुढाकाराने १९०२ मध्ये असा कायदा झाला. जपानने भूकंप आणि युद्ध यांनंतर शहरे उभारताना हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला. आणि १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने तो भारतात आणला. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यात वाटपही सांगितले आहे: साधारण १५ टक्के जमीन रस्त्यांसाठी, ५ टक्के बागा व मोकळ्या जागांसाठी, ५ टक्के शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी आणि १५ टक्के विकून खर्च भागवण्यासाठी. अहमदाबादभोवतीच्या सुमारे ७६ किलोमीटर लांबीच्या वळणरस्त्याची बरीचशी जमीन अशा योजनांतूनच मिळाली.

या पद्धतीतही अडचणी आहेत. नोंदी जुन्या असतील, वारसांची भांडणे न्यायालयात असतील तर योजना वर्षानुवर्षे रेंगाळते आणि तेवढ्यात जमिनीवर घरे उठतात. म्हणून मालकीची प्रत्येक गाठ सुटण्याची वाट न पाहता रस्त्यांचा ताबा आधी आणि अंतिम भूखंडांची मालकी नंतर, असा क्रम कायद्यातच असावा.

वाढीचा वेग हाही ठरवण्याचाच विषय आहे. तीनशे घरांच्या गावात एका वर्षात आठशे घरांचा प्रकल्प उभा राहिला, तर शाळा, पाणी आणि शेजार हे तिन्ही एकदम कोलमडतात. तीच आठशे घरे वीस वर्षांत, जुन्या वस्तीला लागून आणि लहान लहान टप्प्यांत आली तर गाव त्यांना सामावून घेते. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात १९७३ च्या कायद्यानुसार शहरांना वाढीची सीमा आखावी लागते, पण त्या सीमेच्या आत पुढील २० वर्षांच्या गरजेपुरती जमीन ठेवणे बंधनकारक असते आणि सीमेचा वेळोवेळी फेरविचार होतो. फ्रान्सने २०२१ मध्ये कायदा करून मोकळ्या जमिनीवरचे बांधकाम दहा वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आणि २०५० पर्यंत त्याची निव्वळ वाढ शून्य करण्याचे ठरवले. तेव्हा लहान गावांनी विचारले की गेल्या दहा वर्षांत आम्ही काटकसरीने वागलो, तर त्याची शिक्षा म्हणून आमचा वाटा आणखी घटणार का. आणि २०२३ मध्ये आराखडा असलेल्या प्रत्येक कम्यूनला, म्हणजे तिथल्या सर्वांत लहान स्थानिक संस्थेला, बांधकामासाठी किमान १ हेक्टरची हमी देणारी दुरुस्ती झाली. सर्वांवर सारखी टक्केवारी लावणारे धोरण लहान गावांवर कसे जड पडते, हे त्यातून दिसले. इंग्लंडमधील एक तरतूदही इथे सांगण्याजोगी आहे. गावाच्या हद्दीबाहेर, जिथे एरवी परवानगी मिळत नाही, तिथे स्थानिक गरजूंसाठी आणि कायम परवडणारी राहतील अशा अटीवर थोडी घरे बांधता येतात. परवानगी फक्त अशाच घरांना असल्याने जमिनीचा भाव शेतीच्या भावाच्या जवळपास राहतो, आणि गावातल्या मजुराच्या मुलाला गाव सोडावे लागत नाही.

हे सारे ठरवणार कोण, हा प्रश्न सर्वांत नाजूक. शहराची संस्था ठरवते तेव्हा गाव म्हणजे कचराभूमी, कोठारे आणि स्वस्त घरे यांची जागा होते. एकटे गाव ठरवते तेव्हा त्याच्याकडे ना नगररचनाकार असतो ना ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या शेजारच्या गावावर काही अधिकार. भारताच्या संविधानातील अनुच्छेद २४३-झेडई नुसार महानगर नियोजन समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातील नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडायचे असतात. गावांना हक्काची खुर्ची देणारी ही तरतूद उत्तम आहे. मात्र त्या समितीची बैठक नियमित भरली पाहिजे आणि तिच्या हाती निधी असला पाहिजे. एका पाणलोटातील गावांनी मिळून एक नगररचनाकार आणि एक मोजणीदार नेमला तरी बरेच काम होईल, आणि तो खर्च विकास शुल्कातील गावांच्या वाट्यातून सहज भागेल.

राहतात ती गावातली अशी माणसे ज्यांच्या नावावर जमीन नाही: शेतमजूर, कुळे, मेंढपाळ, सामाईक जमिनीवरून चारा आणि सरपण आणणाऱ्या बाया, आणि नुकतेच भाड्याने राहायला आलेले कामगार. फेरमांडणीत जमीनमालकाला भूखंड मिळतो आणि भाववाढही मिळते. यांना काहीच मिळत नाही, उलट राबायची जमीन आणि चराईची वाट जाते. गुजरातच्या कायद्यात योजनेच्या एकूण क्षेत्रापैकी साधारण १० टक्के जमीन सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागासांच्या घरांसाठी राखण्याची तरतूद आहे. ती जमीन योजनेच्या सुरुवातीलाच, या माणसांची यादी ग्रामसभेत वाचून झाल्यावर आणि त्यांच्या कामाच्या जागा पाहून ठरवावी. ती बसच्या रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी, आणि सांडपाण्याची वाहिनी तिथपर्यंत पहिल्याच टप्प्यात पोहोचावी.